नऊ नंबरची किल्ली

झोपलेल्याला उठवायचं नाही, हा त्या घरातला एकच कायदा होता. बाकी सगळं चालायचं. भांडी रात्रभर तशीच पडलेली चालायची, कपडे दोरीवर दोन दिवस लोंबत राहिलेले चालायचे, भाजीत मीठ दोनदा पडलेलंही मुकाट्याने गिळलं जायचं. पण जो झोपलाय त्याच्या कानाशी चमचासुद्धा वाजता कामा नये. नवरा रात्री कामावरून आला की स्वतःच्या किल्लीने दार उघडायचा, तेही असं की चोराने शिकवणी लावावी. पहाटे बायको उठायची ती अंधारात चाचपडत, दिवा न लावता. दोघांनी एकमेकांना दिलेली सगळ्यात मोठी भेट कोणती असेल तर ही.

तो दुसऱ्या पाळीला, तीन ते अकरा. ती पहिल्या पाळीला, सात ते तीन. कारखाना एकच, साबणाचा. पाळ्या मुद्दामच उलटसुलट मागून घेतलेल्या, कारण घरात सात वर्षांची ठकी होती आणि तिच्यापाशी कुणीतरी मोठं माणूस हवं होतं. दुपारचा दीड-दोन तासांचा खड्डा शेजारच्या काकू भरून काढत. सुट्टीचे वारही वेगळे. ठकीला आई आणि बाबा दोघंही रोज मिळायचे. एकत्र तेवढे मिळायचे नाहीत.

नवराबायकोचं बोलणं चालायचं ते ओट्यावर टेकवलेल्या ठकीच्या जुन्या पाटीवर. ‘गॅस संपत आलाय.’ ‘ठकीच्या बुटाचा तळ सुटला.’ ‘ताईचा फोन होता, तू कर.’ एकदा त्याने लिहिलं होतं, ‘कशी आहेस?’ तिने ते पुसून खाली ‘दूध नाही’ असं लिहिलं. रागाने नव्हे. पहाटे पाचला अर्धवट मिटल्या डोळ्यांनी वाचलं, त्यात काही आणायचं नाहीये एवढं कळलं, आणि पुसलं. नंतर आठवलं तेव्हा तिला वाईट वाटलं, पण तोवर चार दिवस उलटून गेले होते.

याशिवाय रोजची दोन मिनिटं होती. तीनला दहा कमी असताना तो कारखान्याच्या फाटकातून आत यायचा आणि ती हात धुवायला बाहेर यायची. सायकल स्टँडजवळच्या नळापाशी दोघं थांबत. ‘ठकी जेवली?’ ‘जेवली. डब्यातलं अर्धं परत आणलंय.’ ‘डोकं दुखतंय का?’ ‘नाही.’ झालं. तो तिच्या हाताला साबणाचा वास येतो म्हणून चिडवायचा, जणू त्याच्या हाताला अत्तराचा येत होता.

ती आधी सहा वर्षं पॅकिंगच्या टेबलावर होती. साबणाची वडी घ्या, कागदात गुंडाळा, खोक्यात ठेवा. मग कंपनीने फलकावर नोटीस लावली, की यंत्रदुरुस्ती खात्यात शिकाऊ म्हणून आतलीच माणसं घेणार, मुदत दोन वर्षं. हिने अर्ज करायचं ठरवलं. एकतीस वर्षांची बाई, एका पोरीची आई, शिकाऊ! पॅकिंगच्या बाया हसल्या, नवऱ्याचे दोस्त हसले. नवरा हसला नाही. तो म्हणाला, “घरातला मिक्सर कोण दुरुस्त करतं? तूच ना? मग भर अर्ज.”

नवरा तिथे आधीपासून कामाला, म्हणून तिला अख्खा कारखाना ‘वहिनी’ म्हणायचा. हेल्मेटवर ठळक अक्षरात ‘शिकाऊ’ आणि हाक मात्र ‘वहिनी’. “वहिनी, तेवढा बारा नंबरचा पाना द्या,” असं अदबीने म्हणणारे लोक पाना चुकीचा निघाला की बिनदिक्कत ‘अगं’वर यायचे. बाईमाणूस म्हणून कुणी तिचं ओझं उचललं नाही आणि तिनेही कुणाला उचलू दिलं नाही.

तिचा फोरमन म्हणजे एक वल्लीच. सगळे त्याला पाठीमागे ‘दोनदा’ म्हणत. बोल्ट आवळला? दोनदा बघ. तेल घातलं? दोनदा बघ. घरी जेवायलासुद्धा तो दोनदा बसत असावा, अशी पोरांची खात्री होती. त्याने तिला पहिल्याच दिवशी एक लाल कुलूप दिलं. वर नऊ आकडा, खाली पत्र्याच्या बिल्ल्यावर तिचा फोटो. म्हणाला, “हे तुझं. यंत्रात हात घालायचा असेल तर आधी त्याच्या मेन स्विचला हे लावायचं, किल्ली खिशात टाकायची. हे कुलूप लागलेलं असलं म्हणजे याचा अर्थ तू आत आहेस. काम झालं की तूच काढायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी नाही, मालक नाही, कुणी नाही. कळलं?”

“कळलं.”

“दोनदा सांग.”

“कळलं, कळलं.”

दुरुस्ती खात्याच्या खोलीत लाकडी फळी होती आणि तिच्यावर बारा खिळे. कुलूप काढून आणलं की आपली किल्ली आपल्या खिळ्याला टांगायची. पाळी संपताना खिळा रिकामा दिसला, तर त्या माणसाचं कुलूप अजून कुठल्यातरी यंत्रावर आहे असं समजायचं. इतकी साधी गोष्ट. लहान पोरालाही समजेल अशी, आणि म्हणूनच थकलेल्या माणसाला फसवणारी.

त्या दिवसापर्यंत तिचे तेवीस महिने झाले होते. एकच उरला होता. तिच्या शिकाऊ वहीत दोन लाल शेरे होते. एक, गिअरबॉक्सच्या झाकणात पाना विसरल्याचा. दुसरा, चुकीचं ग्रीस भरल्याचा. तिसरा लाल शेरा पडला की मुदत सहा महिन्यांनी वाढणार, हा नियम. न पडला तर एक तारखेपासून ती कायम, आणि कायम म्हणजे जनरल शिफ्ट, सकाळी नऊ ते साडेपाच. ती जागा एकच होती आणि तिच्यासाठी कुणी सहा महिने थांबणार नव्हतं. ती जनरलला गेली की नवऱ्याला पहिली पाळी मागता आली असती, म्हणजे संध्याकाळी सहाला घरात तिघंही. तिघंही जागे! गेले दोन महिने ती या एका चित्रावर दिवस ढकलत होती. चित्रात विशेष काही नव्हतं. तिघं जमिनीवर बसून जेवतायत आणि ठकी भाजीवरून कटकट करतेय, एवढंच.

कारखान्यात एक लांबलचक यंत्र होतं. गरम साबणाच्या वड्या एका टोकाने आत जायच्या आणि गार होऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडायच्या. चाळीस फूट लांब, पत्र्याने बंद, आत साखळीवर फिरणाऱ्या ताटल्या. त्याला सगळे ‘अजगर’ म्हणत. दुरुस्ती करायची तर बाजूच्या बुटक्या दारातून आत सरपटत जावं लागायचं. आत एका वेळी एकच माणूस मावायचं, तेही पोटावर. आणि दुसऱ्या पाळीला हा अजगर चालवायचा तिचा नवरा.

त्या दिवशी सकाळपासून अजगराची साखळी तीनदा उतरली. तिसऱ्यांदा ती कुलूप लावून आत गेली ती साडेअकराला. मधल्या एका चाकाचं बेअरिंग गेलं होतं. पोटावर पडून, टॉर्च दातात धरून, कोपर साबणाच्या भुकटीत घासत तिने ते काढलं, नवीन बसवलं, साखळी चढवली. बाहेर आली तेव्हा पावणेतीन वाजले होते आणि आदल्या रात्री ठकीच्या खोकल्यामुळे जेमतेम तीन तास झोप झाली होती. तिने दारं लावली, दोनदा बघितली. आता स्विचपाशी जाऊन कुलूप काढायचं. तेवढ्यात स्टोअरवाला ओरडला, “वहिनी, हत्यारं जमा करा, मला तीनला कुलूप लावून जायचंय!”

कुलूप हा शब्द तिच्या कानावर पडला, पण डोक्यात पोचला नाही. की पोचला, आणि डोक्याने ‘कुलूप, हो, झालं’ असं परस्पर ठरवून टाकलं, देव जाणे. तिने हत्यारं उचलली, मागच्या गोदामात गेली, एकेक पाना पुसून परत केला. मग दुरुस्तीच्या खोलीत येऊन खिशात हात घातला, हाताला किल्ली लागली, ती नऊ नंबरच्या खिळ्याला टांगली आणि पिशवी उचलली.

फाटकाशी यायला तीन वाजून दहा मिनिटं झाली. नळापाशी कुणी नव्हतं. नवरा वाट बघून आत गेला असणार. तिला वाईट वाटायला हवं होतं; खरं सांगायचं तर तिला जरा हायसं वाटलं, की आज बोलायला नको. फाटकावरच्या हजेरीच्या यंत्रावर तिने बोट ठेवलं. यंत्र म्हणालं, पुन्हा ठेवा. तिने पुन्हा ठेवलं. साबणाने आणि पॉलिश पेपरने तिच्या बोटांच्या रेषा केव्हाच झिजल्या होत्या, आठवड्यातून दोनदा तरी हा तमाशा व्हायचा.

“जा वहिनी, जा,” राखणदार म्हणाला. “उद्या वहीत चढवतो. तुम्ही काय पळून जाताय थोड्याच?”

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि काचेला डोकं टेकताच तिचा डोळा लागला. फोन पिशवीच्या तळाशी, आवाज बंद केलेला, कामावर तसा ठेवायचा नियमच होता.

काकूंकडून ठकीला घेऊन ती आपल्या दाराशी आली तेव्हा चार वाजत आले होते. किल्ली कुलपात जाईना. तिने उलटी करून पाहिली. पुन्हा सुलटी. जाम झालं असेल म्हणून खिशातली तेलाची छोटी बाटली काढून दोन थेंब भोकात सोडले. सवयच लागली होती, दिसेल त्याला तेल. मग कपाळ दाराला टेकून तशीच उभी राहिली. उभ्याउभ्याच झोप येईल असं वाटलं.

“आई,” ठकी म्हणाली, “ही आपली किल्ली नाहीच आहे मुळी. हिच्यावर नऊ लिहिलंय.”

तिने हातातल्या किल्लीकडे पाहिलं.  खिळ्याला टांगून आलो ती घराची किल्ली. ही कुलपाची. आणि कुलूप अजगरावर.

तिने पिशवी पायरीवरच उपडी केली. डबा, रुमाल, मोजे, फोन. फोनवर सव्वीस मिस्ड कॉल होते. बारा नवऱ्याचे, बाकीचे ‘दोनदा’ फोरमनचे. तिने नवऱ्याला लावला, वाजत राहिला. फोरमनला लावला, तो पहिल्याच रिंगला उचलला गेला. पलीकडून माणसांचा गलका ऐकू येत होता.

“साहेब, मी बोलतेय. माझं कुलूप—”

“कुठे आहेस?”

“घरी. दारात आहे घराच्या.”



“दोनदा सांग,” फोरमन म्हणाला. 

“घरी आहे, साहेब. घरी. चुकून किल्ली—”

आणि तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला. गलक्याच्या मागून, पत्र्याच्या आतून येतो तसा, घुमणारा. कुणीतरी तिला नावाने हाका मारत होतं. वहिनी नव्हे, नावाने. त्या कारखान्यात तिचं नाव आठ वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

“ते कोण ओरडतंय?” तिने विचारलं, जरी तिला कळलं होतं.

“तुझा नवरा. आत गेलाय तुला शोधायला. ही तिसरी खेप.” मग फोन तोंडापासून लांब धरून फोरमन ओरडला, “घरी आहे! अरे, घरी आहे ती! ये बाहेर!”

हाका थांबल्या. तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला, पण पुढे काहीच ऐकू आलं नाही.

ठकीला पुन्हा काकूंच्या स्वाधीन करून तिने रिक्षा पकडली. वाटेत तिला सगळं आपोआप उमगत गेलं, कारण नियम तिला पाठच होते. तीनला नवऱ्याने बटण दाबलं असेल, अजगर हलला नसेल. स्विचपाशी जाऊन पाहिलं तर हिचं कुलूप, हिचा फोटो. नळापाशी ती भेटली नव्हती. फाटकावरच्या यंत्रात ती बाहेर गेल्याची नोंद नव्हती, आणि राखणदाराची पाळी तीनलाच संपली होती, तिला सोडून तोही पाठोपाठ गेला असणार. स्टोअरवाला गेलेला. फोन लागत होता, उचलत कुणी नव्हतं. आणि अजगराची सगळी दारं बाहेरून लावलेली. म्हणजे ती आत असताना कुणीतरी न बघता दारं लावून टाकली, असाच अर्थ कुणीही काढला असता. तिने स्वतःच लावली होती ती. दोनदा बघून.

रिक्षात ती रडली नाही. रडायलाही थोडी ताकद लागते.

अजगरापाशी तीसेक माणसं जमली होती. ती दिसताच गर्दी बाजूला झाली, आणि पॅकिंगच्या एका बाईने पुढे होऊन तिच्या दंडाला नुसता हात लावून पाहिला.  दोनदा फोरमन स्विचपाशी उभा होता, त्याची पाळी कधीच संपली होती. आणि यंत्राच्या पायाशी, जमिनीवर, तिचा नवरा बसला होता. डोक्यापासून पायापर्यंत साबणाच्या भुकटीने पांढरा, दोन्ही कोपरं सोललेली, बाहीवर रक्त. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला आत जायला तीन खेपा का लागल्या हे तिला कळत होतं. पहिल्यांदा सापडली नाही, म्हणून दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा सापडली नाही म्हणजे तो नीट बघत नाहीये, म्हणून तिसऱ्यांदा. ती आत नसेलच, असं त्याच्या मनात आलंच नव्हतं.

स्विचच्या कडीत दोन कुलपं होती. कडी अशीच असते, सहा जणांची सहा कुलपं बसतील अशी. एक लाल, नऊ नंबरचं, तिचं. शेजारी निळं, ऑपरेटरचं. आत जाण्याआधी एवढ्या घाईतही त्याने आपलं कुलूप लावलं होतं.

“पाळी संपताना फळी बघितली होती मी,” दोनदा फोरमन तिला हळूच म्हणाला. “दोनदा बघितली. नऊच्या खिळ्याला किल्ली होती. कुठली होती ते नाही बघितलं.” एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा झाला होता.

प्रॉडक्शनचे साहेब मात्र तयारीतच होते. दीड तास लाइन बंद, त्याचा जाब वरून त्यांनाच विचारला जाणार होता. त्यांनी तिला बाजूला घेतलं आणि आवाज उतरवला.

“हे बघा वहिनी, झालं ते झालं. माणूस सुखरूप आहे ना, मग झालं तर. वीज गेली होती असं लिहून टाकू. माझ्या रजिस्टरला तेच, तुमच्या वहीला काहीच नाही. उगाच महिनाभरावर आलेलं तुमचं काम कशाला बिघडवायचं? फोरमन, काय म्हणता?”

 फोरमन तिच्याकडे बघत होता. त्यालाही ते नको होतं असं नाही. फळीची चूक त्याचीही होतीच.

आणि तिच्या डोळ्यापुढे ते चित्र आलं. संध्याकाळचे सहा, तिघं जमिनीवर, ठकीची कटकट. नुसतं हो म्हणायचं होतं. दुखावलं कोण गेलं असतं? कुणी नाही. विजेला काय, तिच्यावर रोजच काही ना काही ढकलतात.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याला साहेबांचं बोलणं ऐकू गेलं असावं. तो कोपराचं रक्त बाहीला पुसत होता. एका कुलपावरच्या फोटोवर विश्वास ठेवून हा माणूस तीनदा त्या पत्र्यात शिरला होता. आज वीज गेली असं लिहिलं, तर उद्या कुणाचं तरी कुलूप दिसेल आणि साहेब म्हणतील, विसरली असेल वहिनीसारखी, तोडा. आणि आत कुणीतरी असेल. तिला हे एवढं नीट शब्दांत सुचलं नाही. तिला नुसतं त्याचं कोपर दिसलं आणि त्या कोपराची वीज करायला मन घेईना.

“वही द्या साहेब,” ती फोरमनला म्हणाली. “आणि लाल पेन.”

“वहिनी, अहो—” प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले.

तिने वही गुडघ्यावर ठेवून स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘काम झाल्यावर कुलूप काढले नाही. कुलपाच्या किल्लीऐवजी घराची किल्ली खिळ्याला लावली. दीड तास लाइन बंद. एका माणसाला दुखापत.’ शेवटचं वाक्य लिहिताना अक्षर बिघडलं. फोरमनने खाली सही केली. मग त्याने त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली, स्वतःच्या नावाने: ‘फळी तपासण्यात चूक, माझी.’ आणि पुन्हा सही केली.

झालं. सहा महिने. तेवीस महिन्यांचं काम इतकं झटकन मातीत जातं.

ती स्विचपाशी गेली, किल्ली फिरवली आणि आपलं लाल कुलूप काढून घेतलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, “चला, सुरू करा.”

पण कडीत निळं कुलूप होतं. सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो उठला नाही.

“अरे बाबा, तुझं काढ की आता,” साहेब म्हणाले.

“बसू द्या जरा,” तो म्हणाला.

“लाइन बंद आहे!”

“साहेब,” दोनदा फोरमन म्हणाला, “ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. तुम्ही नाही, मी नाही, मालक नाही.” आणि तो खिशात हात घालून अजगराचे बोल्ट निरखायला लागला, जणू ते आजच बसवले होते. साहेब चडफडत फोन करायला निघून गेले. गर्दी पांगली.

ती नवऱ्याशेजारी जमिनीवर बसली. यंत्राच्या थंड पत्र्याला दोघांच्या पाठी टेकलेल्या. दिवसाउजेडी, दोघंही जागे, आणि दोन मिनिटांपेक्षा जास्त. असं शेवटचं कधी झालं होतं, ते तिला आठवेना. तिने त्याच्या केसांतली भुकटी झटकली, ती तिच्याच मांडीवर पडली.

“फोन उचलत जा ना गं,” तो म्हणाला.

“हो.”

“मला वाटलं...” तो थांबला. मग म्हणाला, “मधल्या चाकापाशी तुझा रुमाल पडला होता. मला वाटलं, संपलं.” त्याने तो खिशातून काढून तिच्या हातात दिला. पिशवीतला रुमाल नव्हे, डोक्याला बांधायचा, निळ्या ठिपक्यांचा. तिला तो हरवल्याचंही कळलं नव्हतं.

“सहा महिने वाढले,” ती म्हणाली.

“ऐकलं.”

“जनरलची जागा जाईल.”

“जाऊ दे.”

“मला नव्हती जाऊ द्यायची,” ती म्हणाली आणि आता मात्र तिला रडू आलं, त्या अजगराच्या पायाशी, लोकांसमोर. त्याने काही समजूत घातली नाही. त्याचाही चेहरा ओला होता, साबण डोळ्यांत गेल्याने की कशाने. दोघं तसेच बसून राहिले. घड्याळात किती वाजले ते कुणी पाहिलं नाही. फोरमन तर मुळीच नाही.

मग तो उठला. खिशातून किल्ली काढली, पण हात इतका थरथरत होता की ती भोकात जाईना. दोनदा प्रयत्न केला, किल्ली पत्र्यावर खरखरत राहिली. तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, घट्ट, बेअरिंग बसवताना धरतात तसं, आणि त्याने किल्ली फिरवली. हे नियमात बसत होतं की नाही, कुणास ठाऊक. दोनदा फोरमनने पाहिलं असतं तर सांगता आलं असतं, पण त्याने आयुष्यात पहिल्यांदाच एकदाही पाहिलं नाही.

निळं कुलूप निघालं. त्याने बटण दाबलं. साखळी एक आचका देऊन हलली, ताटल्या फिरायला लागल्या, तिचं नवीन बेअरिंग आवाज न करता चाललं.

ती दुरुस्तीच्या खोलीत गेली. नऊच्या खिळ्यावरून घराची किल्ली काढली, कुलपाची किल्ली तिथे टांगली, आणि तिच्यावरचा आकडा बोटाने चाचपून पाहिला. परत जाताना ती त्याच्यापाशी थांबली. यंत्राच्या आवाजात जवळ जाऊन बोलावं लागलं.

“कोपराला पट्टी लावून घ्या.”

“लावतो. तू जा, ठकी वाट बघत असेल. झोप लवकर. मी येईन बारापर्यंत, माझ्याकडे किल्ली आहे.”

ती चार पावलं गेली आणि वळून आली.

“आज किल्लीने उघडू नका,” ती म्हणाली. “दार वाजवा. मला उठवा.”